धाकट्याचं ताट

ता. १६, गुरुवार, दुपार

प्रिय धाकट्यास, आणि घरातल्या थोरल्यांनी ज्यांना वर्षानुवर्षं "सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं, अशा जगातल्या तमाम धाकट्यांस,

अनेक आशीर्वाद.

तुमची तक्रार रास्त आहे. घरातला खरा आकडा तुम्हाला कधीच कळला नाही. थोरले दार लोटून आत कुजबुजले आणि बाहेर येऊन तुमच्या केसांतून हात फिरवून गेले. याला ते माया म्हणतात. मी आज याला अन्याय म्हणते!

हसू नकोस. मला कागदावरसुद्धा आधी स्टुलावर चढावं लागतं, मगच बोलता येतं. तू मला उगाच 'तोफ' म्हणत नाहीस. फोन करता आला असता, पण फोनवर मीच जिंकते. माझा आवाज चढला की तू "बरं, ताई" म्हणून मोकळा होतोस. पत्राला तुला "नाही" म्हणता येईल, म्हणून पत्र.

भावजयबाईंचे गुडघे कसे आहेत? चार जिने, बहात्तर पायऱ्या. मागच्या खेपेला त्या दुसऱ्या जिन्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच संसार थाटते." मी हसले खरी. तुझ्या चिंगीचा पुढचा दात आला का?

दुकानात आता सातच आरसे उरलेत. बाकीचे विकले, जमेल त्या भावाने. जिथे ते टांगलेले होते तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिलेत. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन दारातून आत येतं, पहिल्या आरशावर पडतं, तिथून समोरच्यावर, तिथून छतावर, आणि सगळं दुकान पाण्याखाली गेल्यासारखं हलायला लागतं. मी चौकटींच्या लाकडाच्या वासात बसून ते बघते. सात आरशांत सात ताया बसलेल्या असतात. एकीलाही काम नसतं.

तर ऐक. माझ्याकडे क्रेडिट कार्डं पाच होती. तुला एकच ठाऊक होतं, ते निळं.

त्या नव्या हॉटेलच्या चाळीस आरशांची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. हॉटेल उघडण्याआधीच बंद पडलं आणि चाळीसच्या चाळीस आरसे माझ्या गळ्यात आले. काचेचे काही पैसे आणि पॉलिशवाल्याची थोडी मजुरी मी कार्डावर भागवली होती. म्हटलं, दोन महिन्यांत फिटेल. मग बिल आलं. त्यावर वर मोठी रक्कम आणि खाली एक छोटीशी, गोजिरवाणी रक्कम. 'किमान भरणा'. एवढंच भरा आणि निवांत राहा. मी भरला. बिल शांत झोपलं. पण ते झोपेत वाढतं रे, तान्ह्या मुलासारखं.

पहिल्याचं भरायला दुसरं काढलं, दुसऱ्याचं भरायला तिसरं. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. दर वेळी थोडं सांडतं. मी पेल्यांकडे बघत होते, सांडलेल्याकडे नाही.

आणि खरं सांगू? ते दिवस वाईट नव्हते. याचीच मला जास्त लाज वाटते. दोन वर्षं मी जमिनीपासून वीतभर वर चालत होते. दुकानात शिरायचं, कार्ड टेकवायचं, यंत्र टुण्‌ करायचं आणि वस्तू आपली व्हायची. तिला वजनच नसायचं. चिंगीचे लाल बूट, तो हिरव्या काचेचा दिवा, माझा लोकरी कोट, सगळं असंच तरंगत घरी आलं. वाचलेली एवढी पुस्तकं कपाटातून बघत होती, एकानेही हटकलं नाही.

त्याच दिवसांत दुकानदारांच्या सभेत मी कर्जावर बोलले. "उधारीने आणलेला दिवा आधी घर उजळतो आणि मग जाळतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरचा चहावाला म्हणाला, "ताई, हे वाक्य दुकानावर रंगवून घेतो." मी म्हटलं, "घे." घरी आले आणि हिरवा दिवा लावला.

रोज अकरा वाजता वसुलीवाल्या मुलीचा फोन येतो. गोड आवाज आहे, बिचारी जेमतेम विशीतली असेल.

"मॅडम, आज किती भरणार?"

"बाळ, तू नाश्ता केलास का?"

"मॅडम, तुम्ही रोज हेच विचारता."

"तूही रोज तेच विचारतेस."

काल ती हसली. मग लगेच गप्प झाली, कुणी तरी मागे उभं असावं.

मागच्या सोमवारी शेवटी वकीलबाईंकडे गेले. लहानशी खोली, खिडकीत एक वाळकी कुंडी. मी पाचही कार्डं टेबलावर मांडली. त्या म्हणाल्या, "पिसायची का?" मग ड्रॉवरमधून कात्री काढून माझ्याच हातात दिली. प्लॅस्टिक कापताना किती छोटासा आवाज होतो!

दिवाळखोरीचा अर्ज करायचा ठरलाय. लिहिला एकदाचा तो शब्द. वाचून खाली बसला असशील तर बसूनच राहा. त्यांनी सांगितलं, आजपासून कार्डावर काडेपेटीसुद्धा घ्यायची नाही. जिथे देणं आहे त्या बँकेत पैसे ठेवायचे नाहीत, दुसरीकडे साधं खातं उघडायचं. आधी घरभाडं, वीज, पोटाला अन्न, बाकी सगळं थांबवायचं. कुठलीही वस्तू भावाबहिणींच्या नावावर करायची नाही. पावत्या असतील नसतील तेवढ्या आणायच्या. मी बुटांच्या खोक्यात भरून नेल्या. खोकं चिंगीच्याच लाल बुटांचं निघालं.

मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गेल्या वर्षभरात नातेवाइकांपैकी कुणाला काही दिलंत?"

मी म्हटलं, "नाही."

चहा उतू गेला वाटतं. उरलेलं उद्या.

ता. १७, शुक्रवार, सकाळ

काल चहा उतू गेला नव्हता. गॅस मी पेटवलाच नव्हता.

तुझं पाकीट, धाकट्या. दोन महिन्यांपूर्वी तुझ्या हातात ठेवलं ते. "तुझे उसने घेतलेले परत. चिकटवलंय, तळमजल्याच्या घराची अनामत भरायच्या दिवशीच फोड," असं मोठ्या ऐटीत म्हणाले होते. तू म्हणालास, "ताई, एवढी घाई नव्हती." आणि ते कपड्यांच्या घडीखाली ठेवलंस. तुला वाटलं, धंदा सावरला. ते पैसे धंद्यातले नव्हते. पाचव्या कार्डावरची रोख उचल होती ती, यंत्रातून एका दमात काढलेली. तेव्हाच मला ठाऊक होतं की हे फिटायचं नाही. बुडणारच आहोत तर बुडण्याआधी धाकट्याचं देऊन टाकू, एवढाच विचार होता.

आपल्या घरची रीत तीच ना? आधी धाकट्याचं ताट. भांड्यात कितीही कमी असो, आई पहिला डाव तुझ्या ताटात घालायची. मी ते बघत मोठी झाले. मी दुसरं काय करणार होते?

काल हे पत्र अर्धवट टाकलं आणि खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात याच दुकानात, आरशांच्या त्या हलत्या पाण्याखाली लांबलचक पंगत बसली होती. घरमालक होता, पॉलिशवाला होता. वसुलीवाली मुलगी होती, पोरगेलीशी, हातात रिकामी वाटी घेऊन. आणि टोकाला काचवाले काका. तुला आठवतात ना? अठरा वर्षं मला नुसत्या शब्दावर काच देणारे, अंगठ्यावर जुना कापलेला व्रण असलेले. चाळीस आरशांतली निम्मी काच त्यांची आहे, तिचे पैसे अजून द्यायचेत. त्यांनी एकदाही फोन केलेला नाही. आई वाढायला आली, वाकली आणि तुझ्या ताटात अख्खं पातेलं ओतलं. काकांनी फक्त स्वतःचं ताट हळूच थोडं मागे सरकवलं, आपण मध्ये येऊ नये म्हणून. आईने वर पाहिलं, तर तिच्या जागी मीच होते.

जागी झाले तेव्हा ऊन छतावरून उतरून फरशीवर आलं होतं. पाय चपलेत घातले आणि तडक वकीलबाईंकडे गेले.

"सोमवारी मी खोटं बोलले," म्हटलं.

त्यांना जराही धक्का बसला नाही. "भाऊ की बहीण?"

"भाऊ. धाकटा."

"नेहमी धाकटाच असतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ताई, कायद्याला पंक्तिप्रपंच चालत नाही. पंगत बसली की सगळ्यांना सारखं वाढायचं. अर्जावर तुम्ही शपथेवर सही करणार. लपवलंत आणि नंतर सापडलं, तर तुमचा अर्ज जाईल आणि त्याच्याकडूनही ते वसूल करतील. तोवर त्याने ते घरात घातलेले असले, तर घरही गेलं."

"आणि आत्ता दिले तर?"

"तर सगळ्यांच्या वाटणीत जातील. तोही रांगेत उभा राहील, बाकीच्यांबरोबर. चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ म्हणा."

चौथा हिस्सा. म्हणजे तीस तारखेला अनामत भरली जाणार नाही. म्हणजे बहात्तर पायऱ्या, आणखी किती वर्षं ते मला माहीत नाही. आयुष्यभर स्टुलावर उभं राहून जगाला न्याय सांगितला, आणि त्या न्यायाचा पहिला घाव तुझ्या बायकोच्या गुडघ्यांवर बसतोय. यावर माझ्याकडे भाषण नाही.

भावजयबाईंना हे पत्र वाचून दाखव, सगळं. दार लोटून नको, आणि चिंगीलाही बाहेर काढू नको. त्या रागावल्या तर बरोबरच आहे. हिरवा दिवा आणि कोट मी यादीत लिहिलेत. लाल बूट चिंगीच्या पायात राहू देत. वकीलबाई म्हणाल्या, झिजलेल्या बुटांना कुणी हात लावत नाही.

तू "नाही" म्हणू शकतोस. तरी अर्जावर तुझं नाव आणि रक्कम मी लिहिणारच आहे. पण माणसं तुझ्या दारात येऊन पाकीट नेण्यापेक्षा ते तू स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवावंस, असं मला वाटतं. माझ्या हातात देऊ नकोस. वकीलबाईंकडे दे आणि पावती घे.

येत्या मंगळवारी, एकवीस तारखेला, सकाळी दहा वाजता, चिकटवलेलं पाकीट न फोडता घेऊन वकीलबाईंच्या दाराशी ये.

मी पायरीवर बसलेली असेन, कुठल्याही स्टुलावर नाही.

तुझं ताट आज पहिल्यांदा मागे सरकवणारी,
तुझी ताई