मधलं फालतू

अकोला,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. नितेश यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या नव्या घराचं रंगकाम आटोपलं असेल. अपेक्षाची पाठ आता बरी आहे का? नांदगाव पेठेची तुझी ड्यूटी पुन्हा रात्रीची लागली म्हणे, तब्येतीला जप. माझ्या सेतू केंद्रात शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची झुंबड आहे, मान वर करायला फुरसत नाही.

तू म्हणशील, फोन असताना ताईनं पत्र कशाला खरडलं. घर दोन खोल्यांचं. बाबांचं स्वरयंत्र काढलं, कान शाबूत आहेत. मी फोनवर बोलते ते सगळं त्यांना ऐकू येतं, आणि हे त्यांना ऐकवायचं नाही. केंद्रात गर्दीपुढे इतकं बोलता येत नाही.

बाबांची तब्येत चांगली आहे. गळ्याच्या छिद्रावरचं जाळीचं फडकं मी रोज बदलते. जेवण पातळ, पण पोटभर. तंबाखूचा खर्रा सुटला, म्हणजे सोडावाच लागला. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहितात, आणि पाटीवरही वऱ्हाडीच. परवा शेजारच्या किशोरनं विचारलं, "काका, कसं काय?" तर लिहिलं, "बोलाले मनाई हाय, बाकी मस्त."

तू पाठवलेलं मेमरी कार्ड मिळालं. खरं तर त्याबद्दलच लिहायचं होतं, उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसले.

अय्युबचाचा आठवतात ना? गावोगावच्या खंजेरी भजनाला बाबांसाठी माईक तेच लावायचे आणि शेजारी टेप चालू ठेवायचे. कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा त्यांनी बसून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, साइज न दाबता, होत्या तशा. कॅसेटी पुढे गेल्याच, उरली ती एकच हार्डडिस्क. ती देताना म्हणाले होते, "बेटा, आवाज जैसी थी वैसी है. इसको छेडना मत." ती हार्डडिस्क तू अमरावतीला नेलीस. ताई, बाबांच्या छोट्या स्पीकरमध्ये बसंल असं कार्ड करून देतो, म्हणालास. मला तेव्हा तुझं कौतुक वाटलं होतं.

बाबांना ते कशासाठी हवं होतं हे तुला माहीत होतं. गाणं गेलं, पण हात आहे. स्पीकरवर स्वतःचा आवाज लावायचा, खंजेरी धरायची आणि पुन्हा मंडळात बसायचं. ऑपरेशननंतर त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. कोजागिरीचं भजन त्यासाठीच ठरलं होतं. सकाळपासून सदरा इस्त्री करून खुंटीला टांगला होता.

बाबांची लकब तुला ठाऊक आहे. ओळ संपली की ते क्षणभर गप्प राहायचे. सगळं मंडळ श्वास रोखून बसायचं, मग खंजेरीवर थाप पडायची. लोक वाहवा करायचे ते त्या गप्प राहण्यालाच. कोजागिरीला स्पीकरमधले बाबा गप्प राहिलेच नाहीत. ओळ संपते न संपते तोच पुढची ओळ अंगावर आली. बाबांची थाप मागे राहिली. पुन्हा राहिली. मंडळातले श्यामकाका समजुतीनं म्हणाले, "होते असं. सवय मोडली ना बुवा." बाबांनी खंजेरी खाली ठेवली आणि पाटीवर लिहिलं, "हात बी गेला."

दुसऱ्या दिवशी केंद्रात कार्ड कॉम्प्युटरला लावून पाहिलं आणि तिथूनच तुला फोन केला. तुझं उत्तर शब्दन् शब्द लक्षात आहे. "ताई, ॲपनंच केलं ना ते. जिथं आवाज नाही ते कापते, साइज कमी होते. मधलं फालतू काढलं, एवढंच." हार्डडिस्क विचारली, तर म्हणालास, "फॉर्मॅट केली वं. घरभरणीच्या व्हिडिओले जागा नव्हती." वर पुन्हा, "भजनच तं आहे, बत्तीसच्या बिटरेटवर चालते."

दाबणं माझंही रोजचं काम आहे, नितेश. पोरांचे फोटो मी वीस केबीत बसवते. पण आधी चेहरा ओळखू येतो का ते बघते. बाबांचं सगळं न दाबताही त्या कार्डात मावलं असतं. ती जागा तू सिनेमाच्या गाण्यांना दिलीस, तीही भरदार, तीनशे वीसवर. आणि ज्यांच्यासाठी कार्ड, ते बत्तीसवर. आकडा जितका लहान तितका आवाज चिपाड, हे तुला शिकवायला मी नको. खंजेरीच्या झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. मला तुझा राग आला आहे. अजून येतो आहे.

आणि एक. दोन भजनांच्या मध्ये बाबा माईकपासून तोंड वळवून म्हणायचे, "जोसना, पानी आन वं." मी तांब्या घेऊन धावायची. अय्युबचाचांच्या फाइलीत ते हळू आवाजात होतं. मी एकदाच ऐकलं. वाटलं, आहेच की आता, केव्हाही ऐकू. तेही तुझ्या फालतूत गेलं. बाबा हल्ली पाटीवर माझं नाव शुद्ध लिहितात, ज्योत्स्ना. मला ते नको. मला जोसना पाहिजे, आणि ती आता कुठेच नाही.

बाबांना मी सांगितलं, हात गेला नाही, रेकॉर्डिंग कापलं गेलंय. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. मग लिहिलं, "नितेशले काही म्हनू नको. त्यानं हौसेनं केलं." मी मान हलवली. म्हणजे हे पत्र लिहून मी त्यांना दिलेला शब्द मोडते आहे.

मोडते आहे, कारण त्यानंतर काय चाललंय ते तुला कळलं पाहिजे. मी केंद्रातून आले की रोज दिसतं, बाबा स्पीकरपुढे खंजेरी घेऊन बसलेले. तुझ्या कार्डाबरोबर वाजवायचा सराव करून राहिले आहेत. जिथे थांबायचे तिथे थांबायचं नाही, हे हाताला शिकवताहेत. सुरुवातीला हात आपोआप अडायचा, तेव्हा मांडीवर चापट मारून घ्यायचे. काल पहिलं भजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जमलं. एकदाही थांबले नाहीत. केवढे खूश झाले! पाटी माझ्यापुढे धरली, "दिवाळीले नितेश आला का त्याले वाजवून दाखवतो."

ये. बघ.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. या वेळी मला ते जमत नाही.

ज्योत्स्ना