मामांचा मन ओळखणारा भाग

मोरातुवा, मंगळवार

ती. कुमुदिनी आत्या,

इथूनच पाया पडतो, मानाची विड्याची पानं एप्रिलमधल्या नववर्षाच्या सणाला घेऊन येईन. वैद्यांचं तेल गुडघ्याला मानवलं का? मी खुशाल आहे (खानावळीतली फणसाची भाजी वगळता). कागदावर का लिहितोय म्हणशील, तर तुमच्या कँडीच्या घरातली सगळी मेल तुझ्या यजमानांच्या, म्हणजे मामांच्या, नजरेखालून जाते, आणि हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

तुम्ही दोघांनी उभा केलेल्या, साऱ्या जगाला खुल्या असलेल्या कंपायलरवर (माणसाचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या त्या दुभाष्यावर) मी वर्षभर फुकट राबतोय (फुकट राबायलाही मामांची मंजुरी लागते). माझ्याकडे त्याचं तोंड आहे, म्हणजे लोकांचे प्रोग्राम वाचायचे आणि चुका दाखवायच्या. आपल्या घराण्यात हे काम कुणालाही जमावं. मी एक नवी सूचना घडवली: एखादी अट कधीच खरी होणार नसेल, तर कंपायलरने स्वच्छ सांगावं, बाबा रे, हा भाग कधीच चालणार नाही. मामांनी ती कितीदा तरी परत पाठवली. "बाळा, स्वल्पविराम म्हणजे मिरी नव्हे, दिसेल तिथे भुरभुरायला!" हे त्यांनी साऱ्या जगासमोर लिहिलं. तरी मी चिकटून आहे, कारण ती मंजूर झाली की मला थेट बदल करायचा अधिकार मिळतो आणि प्रत्येक टिंबासाठी हात जोडणं संपतं.

आता रीत अशी की कंपायलर आधी स्वतःलाच वाचतो, आणि घरच्या प्रोग्राममधून एकही सूचना निघता कामा नये. माझी निघाली. कुठे? मामांच्या जगप्रसिद्ध भागात! कुणी कंस बंद करायला विसरला तर त्याच्या मनात काय होतं ते ओळखणारा तो भाग, ज्याच्यावर मामा देशोदेशी भाषणं देतात. त्याच्या दारातच अट आहे: आकडा पाचाहून मोठा आणि तोच तिनाहून लहान असेल, तरच आत या. आत्या, तो भाग जन्मात एकदाही चाललेला नाही. लोक ज्याला मामांची प्रतिभा म्हणतात, त्या खालच्या दोन साध्या ओळी आहेत: इथे कंस राहिलाय, बघा.

मी अट काढून पाहिली. एक कंस राहिला होता. मामांच्या भागाने मन ओळखून इतके कंस बंद केले, की लॅपटॉप तापून निपचित पडला. माझ्यासोबत याच कामावर असलेली दिल्हानी म्हणाली, "मामांना तूच सांग हं. मला अजून जगायचंय."

तुझा,
रुविंदु

ता. क. रविवारी नारळाच्या दुधातला कीरिबत भात कर, वर लुणुमिरिसचा झणझणीत ठेचा सढळ हाताने वाढ, आणि मामांचं तोंड पुरतं भरलं की तूच सांगून टाक.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करण्याआधी ती अट कुणी घातली ते पाहिलं (प्रत्येक ओळीमागे लिहिणाऱ्याचं नाव राहतंच). आत्या, नाव तुझं! खालच्या दोन ओळीही तुझ्याच. कारणाच्या जागी फक्त 'राहू दे'. म्हणजे इतकी वर्षं मामांच्या भाषणांना तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस? आधी खूप हसलो, मग तुझ्याबद्दल फार माया वाटली. रविवारचा बेत रद्द.

ता. क. शेवटचा. सूचना मागे घ्यायला मन होईना (अधिकाराचा लोभ, दुसरं काय). म्हणून सोय केली, की खूण केलेल्या ओळीपुरती सूचना गप्प बसेल. तुझ्या ओळीवर खूण केली आणि सगळं मामांकडे धाडलं. आज मंजूर झालं. स्वल्पविरामावरून बोलले नाहीत, खूण कशाला तेही विचारलं नाही. खाली दोनच शब्द लिहिले: 'राहू दे.'

कीरिबत तेवढं कर. लुणुमिरिस बेतानेच वाढ.