मीरा कोर्टात उभी राहिली, त्याचा खुलासा

एडिसन, न्यू जर्सी
१२ सप्टेंबर १९८७

ती. पद्मिनीवन्सं यांना मीराचा नमस्कार.

हे पत्र लिहावं लागतंय ते तुमच्या धाकट्या भावामुळे. रविवारी फोनवर त्यांनी तुम्हाला ‘मीरा काल कोर्टात उभी राहिली’ एवढंच सांगितलं आणि बिल आठवून फोन ठेवला. तुम्ही तेवढंच नागपूरला कळवलंत. आता काकूंनी माझ्या सुटकेसाठी सोमवार धरले आहेत आणि चुलतदिरांनी वकील सुचवला आहे. वन्सं, मी उभी राहिले ते टेनिसच्या कोर्टात. तुमच्या गुडघ्याची चौकशी करायची आहे, पण आधी हे निस्तरते. (गुडघा कसा आहे? जिने चढू नका.)

यांनी पोट कमी करायला टेनिस क्लबात नाव घातलं. पोट आहे तिथेच आहे. क्लबात दरवर्षी एक लहानशी स्पर्धा होते. तिला येणाऱ्या खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून ते सभासदांच्या घरी उतरतात. यांनी मला न विचारता होकार दिला आणि आमच्या वाट्याला पराग्वेचा रामिरो आला. (पराग्वे दक्षिण अमेरिकेत. समुद्र नाही.) टेनिस खेळणारा म्हणजे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मोटारीतून उतरेल असं मला वाटलं होतं. हा बसने आला, पाठीवर रॅकेटी आणि हातात न धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं. मी म्हटलं, मशीन तळघरात आहे. जगात त्याचा नंबर तीनशेच्या पलीकडे. मला तो वाईट वाटला नाही, जगात माणसं किती आहेत; पण त्याच्या वडिलांना वाटतो. त्यांनी बजावलं होतं की इथेही पहिल्याच सामन्यात हरलास तर घरी ये आणि मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बस. हे सगळं तो मला मी पोळ्या करताना सांगत होता, आणि सांगता सांगता त्या संपवत होता. खाणारं मूल आहे.

पहिल्याच संध्याकाळी मी त्याला सांगितलं की यांना चंद्रशेखरकाका म्हणायचं. तो लाल झाला आणि नको म्हणाला. मला तो उद्धटपणा वाटला. आमची मृणालिनी हायस्कुलात स्पॅनिश शिकते, ती मात्र टेबलाखाली शिरून हसायला लागली. त्यांच्या भाषेत काका म्हणजे तान्ही मुलं दुपट्यात जे करतात ते. यांनी पदवी ताबडतोब परत केली. त्यानंतर रामिरो यांना सेन्योर म्हणे आणि मला सेन्योरा. नावाने कधी हाक मारली नाही, हे लक्षात ठेवा.

शनिवारी त्याचा सामना. मी डबा आणि छत्री घेऊन पुढच्या रांगेत बसले. शेवटपर्यंत बरोबरी होती. मग याचा एक चेंडू पलीकडे रेषेवर पडला, तिथल्या मातीत ठसा उमटला, आणि खुर्चीवरच्या पंचाने तो बाहेर ठरवला. रामिरो जाळीपाशी धावला आणि हात लांब करून ओरडला, “मीरा, मीरा!”

आता तुम्हीच सांगा. परमुलखातलं पोर, चारचौघांत, सेन्योरा विसरून नुसत्या नावाने हाका मारतंय, म्हणजे केवढी वेळ आली असेल. मी छत्री मिटली आणि फाटक उघडून आत गेले. (यांनी त्या क्षणी पाठ फिरवून क्लबाच्या झाडांची पाहणी सुरू केली.) पंचाला म्हटलं, मी आले आहे, चेंडू आत होता. तो म्हणाला, “मॅम, तुम्ही कोण?” मी म्हटलं, ज्यांना आता बोलावलं त्या. मी यवतमाळला मुलींना भूमिती शिकवलेली आहे; रेषेला स्पर्श झाला म्हणजे झाला, त्याला स्पर्शिका म्हणतात. तुम्ही खाली उतरून ठसा बघा, तोवर मी इथे थांबते. तो उतरला. मला घालवण्याचा दुसरा मार्ग त्याला सुचला नसावा. ठसा रेषेवर होता. त्याने गुण रामिरोला दिला आणि मला फाटक दाखवलं.

जागेवर आल्यावर मृणालिनी म्हणाली, “आई, ही वॉजन्ट कॉलिंग यू. मीरा मीन्स लुक.” म्हणजे तो पंचाला ठसा ‘बघा, बघा’ म्हणत होता. मग बघितला की नाही, असं मी तिला विचारलं.

रामिरो जिंकला. (दुसऱ्या फेरीत तासाभरात हरला, ते सोडा.) वडिलांनी आणखी एका स्पर्धेची मुदत दिली आहे. काकूंचे सोमवार सोडवा. तुमच्या श्रीरामरावांना नमस्कार.

तुमची,
मीरा

ता. क. ती पुढची स्पर्धा फीनिक्सची, म्हणजे तुमच्या चँडलरहून जवळच. पत्रावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते घेऊन आलेला मुलगा अजून दारात उभा असेल तर त्याला आत घ्या, तिकडे ऊन फार. यापुढे पाहुणे ठेवणार नाही असं तुम्ही दिवाळीत जाहीर केलंत, ते मला माहीत आहे. हा पाहुणा नाही, खेळाडू आहे.

ता. क. दुसरा. श्रीरामरावांना काका म्हणायला लावू नका. सामन्याला जाल तेव्हा त्याने हाक मारली तर नाव तुमचं नसलं तरी उठा.

सोबत पाठवलं: कैरीचं लोणचं, बरणी एक. मेतकूट, डबा एक. तुमची इथे राहिलेली शाल. रामिरो. पहिल्या तीन वस्तू ठेवून घ्याव्यात. चौथी जिंकत राहिली तर हवी तितकी ठेवा. हरली तर टायरच्या दुकानात न पाठवता माझ्याकडे परत करावी.