तुझ्या घोड्यावर त्याचं खोगीर

प्रिय क्लिफर्ड,

आणि माइक हातात घेऊन "आपल्या लोकांचा दिवा विझला" असं म्हणायला तुला कुणी सांगितलं होतं? वर्ष होत आलं तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये डेल्मरची शवपेटी मधोमध ठेवलेली, माणसं भिंतीपर्यंत बसलेली, आणि तू उठलास तेव्हा अर्धे लोक आधीच गालात हसायला लागले होते. जेनीव्हा मावशीनं तर तोंडापुढं शाल धरली, की आता हा काहीतरी वंगाळ बोलणार. आणि तू काय बोललास? थोर कवी. थोर शिक्षक. लेकरांना आपल्या जमातीची भाषा परत दिली. अरे, हे बोलायला शाळेचे साहेब टाय बांधून आले होते. बापाच्या कुळातले काका होते, स्तुती करणं त्यांचं काम. तुझा बाप आणि आमचा बाप एका कुळातले, म्हणजे आपल्या रीतीनं तुझं काम डेल्मरची टर उडवणं. जन्मभर उडवलीस. त्यानं रागवायचं नाही, उलट तुझी उडवायची, असंच चाललं तुमचं. आणि शेवटच्या दिवशी तू परक्यासारखा टोपी छातीशी धरून उभा राहिलास.

दुःख झालं म्हणशील. तुला एकट्यालाच झालं होतं का?

तुला मी बोलू शकते, आपलं नातंही तेच, टर उडवायचं. त्याला मात्र नाही. मी सख्खी बहीण. मोठं झाल्यावर भावाशी मान राखूनच वागायचं, तो गेल्यावर तर विचारूच नको. आई आजारी पडली म्हणून मी लहानपणीच शाळा सोडून घरी बसले, तेव्हा ही अक्षरंही त्यानंच मला चुलीशेजारी शिकवली. यातल्या चुका ज्याच्या असतील त्याच्या... बघ, इथंही माझं तोंड बंद होतं.

शिकवायची त्याची एकच रीत. घोडा चालतो तसं वाक्य म्हण. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग भरधाव. रोडिओत उधळत्या घोड्यावरून पडून कंबर मोडून घेतली आणि शाळेत लागला, तरी तेच. पोरांना खुर्च्यांवर उलटं बसवायचा, घोड्यावर बसल्यासारखं, आणि आपल्या भाषेतली वाक्यं म्हणायला लावायचा. तू एकदा खिडकीतून ओरडलास, "मास्तर, तिसऱ्या रांगेतलं घोडं लंगडतंय, नाल बसवा त्याला." ती पोरं आता बाप्ये झालीत, पण ते वाक्य एकहीजण विसरला नाही.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. वासरं झाली. एक मेलं, ते ओढून बाजूला टाकलं. डेल्मरच्या नावानं वर्षाच्या वाटपात लोकांना द्यायला रजया शिवते आहे, शालींना झालरी लावते आहे, त्याची खोली त्या ढिगानंच भरली. परवा सुई बोटात शिरली ते रजईवर लाल डाग दिसला तेव्हा कळलं. मांस उकळते, खाते. चव विचारू नकोस. शाळेनं दारातच त्याचा मोठा फोटो लावलाय, डोक्यावर टोपी सरळ. त्यानं टोपी सरळ कधी घातली होती? लोक भेटतात ते त्या फोटोविषयीच बोलतात आणि मी मान हलवते. मी अजून रडलेले नाही, क्लिफर्ड. जेनीव्हा मावशी म्हणते, लव्हीना फार खंबीर. खंबीर कसली. डोक्यात भुसा भरल्यासारखं आहे.

एकच गोष्ट पुन्हापुन्हा आठवते. तुम्ही दोघं वुल्फ डोंगरावरून गुरं खाली आणत होतात. कॉफीला थांबलात. हा कविता पुटपुटत उठला, चुकून तुझ्या तांबड्या घोड्यावर बसला आणि निघून आला. त्याचा निळसर करड्या अंगाचा निळा घोडा दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू देत नव्हता, मग तू त्याला ओढत अख्खा डोंगर उतरलास. मी दारात उभी राहून बघत होते. बूट फाटलेले, लंगडत आलास. हा म्हणतो, "अरे, चालत का आलास?" आणि तू म्हणालास, "तुझी कविता संपली का बघायला. नसली तर अजून एक डोंगर चालतो." मी इतकी हसले की तव्यातल्या तेलात तळायला टाकलेली भाकरी काळी झाली. तीच तू खाल्लीस आणि म्हणालास, कवितेपेक्षा बरी आहे.

त्या दिवशी हॉलमध्ये लोक हीच गोष्ट ऐकायला बसले होते.

आता कशासाठी लिहिते ते सांगते. वाटप जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे. निळा घोडा बापाच्या कुळातल्या ऑर्व्हिल काकांना द्यायचा ठरलाय, आणि तो मैदानात कुणी आणायचा असं सगळे विचारतायत. डेल्मरचं खोगीर मी पुसून ठेवलंय. ते तुझ्या तांबड्यावर चढव. म्हातारा झाला असेल, तरी आण. तू चालत ये, लंगडत ये, आणि काकांच्या हातात चुकीचा घोडा दे. निळ्याला मी मागून आणते. मग माइक घे आणि बोल. मला माझ्या भावावर हसायची मुभा नाही, दुसऱ्यानं हसवल्याशिवाय. तू हसवलंस तर हसण्यामागून जे यायचं ते येईल. नाही आलं तर निदान तो त्या फोटोतून खाली तरी उतरेल.

रविवारपर्यंत कळव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता श्वास घेतोस. प्रायरहून गाडी काढ आणि दारात येऊन सांग. हो की नाही, एवढंच. रविवारपर्यंत.

तुझीच, तुला टाळता न येणारी,
लव्हीना