बिबट्या नसलेलं जंगल

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२ एप्रिल २०२५

ती. आईस,
मेघाचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघं मजेत आहोत. रविवारी फोनवर तुझी खुशाली विचारताना मी इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या लीलाबाई वर येऊन विचारून गेल्या, घरात काही भांडण वगैरे नाही ना म्हणून. एवढं करून तुला काही ऐकू आलं नाही ते नाहीच. तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं. मोबाइलवर लिहावं तर तुझी नातवंडं तुझ्याआधी वाचतात.

लिहिण्याचं कारण असं, की या सुट्टीत अपेक्षा आणि माऊलीला आठ दिवस माझ्याकडे पाठव. मागच्या वर्षी वेरूळ दाखवलं, तर माऊलीनं दगडातले हत्ती मोजले आणि मग खरे कुठं ठेवलेत असं विचारलं. आत्या म्हणून माझी मान खाली गेली! यंदा खरी जनावरं दाखवायचीच असं ठरवलंय. ताडोबा, मेळघाट, नागपूरचं गोरेवाडा आणि तुमच्या शेजारचा गौताळा, अशी चार नावं काढलीत. ऋतुराजनं कॅलेंडरच्या मागं तक्ता आखून प्रत्येक जंगलाला मार्क दिलेत. हरणाला एक, अस्वलाला पाच आणि बिबट्याला दहा. वाघाला पंधरा आहेत, पण तो दिसेल याची खात्री नाही म्हणून निम्मे कापलेत. पोरगा नक्की परीक्षक होणार.

तुला कुठलं बरं वाटतं ते कळव. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस सोडून कुठलीही तारीख चालेल. दादा-वहिनीस नमस्कार, मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो वाढता असू दे.

तुझी,
मेघा


पिशोर, शेतवस्ती
७ एप्रिल २०२५

चि. सौ. मेघास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडं सगळं ठीक. मका काढून झाला, आता तुझा दादा बद्रीनाथ अद्रकीच्या बेण्यामागं लागलाय. सून माहेरी चार दिवस जाऊन आली.

तू जंगलाचं विचारलंस. ताडोबा नको. मे महिन्यात चंद्रपूरला पापड नुसते उन्हात ठेवले तरी भाजून निघतील, तिथं लेकरं कशाला नेतेस? मेळघाटात घाट फार आणि माऊलीला गाडी लागते, संभाजीनगर येईपर्यंतच दोन पिशव्या होतात. गोरेवाड्याचं म्हणशील तर नागपूरकडचं जेवण तिखट. आणि गौताळ्यात काय पाहायचं? तिथली माकडं रोज आमच्याच बांधावर येतात, तिकीट न काढता.

त्यापेक्षा मुलांना बागेत ने, गुलमंडीवर आइस्क्रीम दे, तेवढ्यात ती खूश होतील. आणि माऊलीला या वर्षी राहू दे इथंच. अपेक्षा एकटी येईल. जावईबापूंना आशीर्वाद. ऋतुराजला म्हणावं आजीच्या लाडूंना किती मार्क ते कळव.

तुझी आई,
गोजरबाई


गारखेडा
११ एप्रिल २०२५

ती. आईस,
मेघाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझ्या आईनं वकिली करायला हवी होती. ऊन, घाट, तिखट, माकडं! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालं हे. ज्या बाईनं मला आठव्या वर्षी उन्हातान्हात बैलगाडीनं जत्रेला नेलं, ती आता नातवंडांना ऊन लागेल म्हणते?

हसून लिहितेय, पण खरं सांगते, मला वाईट वाटलंय. अपेक्षाला पाठवतेस आणि माऊलीला नाही, याचा अर्थ काय लावू? वहिनीचं मन नाही का? दिवाळीत मी तिच्या अनारशांना हसले होते, ते ती धरून बसली असेल तर मी शंभरदा माफी मागते. माझ्या भावाला दोनच लेकरं आणि त्यांना आत्या मी एकटीच. तीही परकी झाली असेल तर तसं स्पष्ट लिही. ऋतुराज रोज विचारतो माऊली कधी येणार, आणि मी रोज नवी थाप मारते.

उत्तराची वाट पाहते. माया कमी करू नकोस.

तुझी,
मेघा


पिशोर
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. मेघास,
अ. आ.

वेडे, वहिनीला मधे ओढू नकोस. तिच्या मनात काही नाही. अनारशे तर तिलाच आवडले नव्हते. दोष माझा, मी तुझ्यापासून लपवलं. बद्रीनं सांगितलं होतं की गावभर झालंय तेवढं पुरे, पाहुण्यांत बोभाटा नको.

संक्रांतीच्या आठवड्यात आपल्या वस्तीवर बिबट्या आला. दिवस मावळत होता. मी गोठ्यापुढं शेळी बांधत होते. एकाएकी दाव्याला हिसका बसला आणि शेळी हातातून गेली. ती गेली कशी हेच मला कळलं नाही. वळून पाहिलं तर माऊली ओट्यावर पांढराफटक उभा, तोंड उघडं. मला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून पोराच्या मनात भीती बसली. दिवस कलला की माझ्या मागं-मागं. गोठ्यात, विहिरीवर, चुलीपाशी. खेळ टाकून येतो. बद्री त्याला आजीचं शेपूट म्हणतो. शाळेतली पोरंही हसतात. मीही एकदा चिडून म्हणाले, की आठ वर्षांचा घोडा झालास, लाज वाटू दे. तरी तो बाजूला काही झाला नाही.

आता सांग, अशा लेकराला मी बिबट्याला दहा मार्क देणाऱ्या जंगलात कशी पाठवू? एखादं बिबट्या नसलेलं जंगल असेल, नुसती हरणं-मोर असतील, तर तिथं ने. मी त्याला समजावून पाठवीन. तुझ्यावर राग नाही, तूही धरू नकोस.

तुझी आई,
गोजरबाई


(त्याच पाकिटात, वहीचं पान)

प्रिय आत्यास,
अपेक्षाचा नमस्कार.

आजीनं पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं. मी पत्र वाचलं. रागावू नकोस, पण आजीनं जे लिहिलंय ते अर्धंच खरं आहे आणि ते तिलाच माहीत नाही.

त्या दिवशी माऊलीला बिबट्या आधी दिसला होता. कडब्याच्या गंजीमागं. त्यानं आजीला तीनदा हाक मारली, की आजी आत ये. जिवाच्या आकांतानं ओरडला. मी घरात होते, मला ऐकू आलं. आजीची पाठ होती, ती शेळीच बांधत राहिली. मग शेळी गेली. आजीला वाटतं तो घाबरून गप्प उभा होता.

त्यानं मला विद्येची शपथ घातलीय की आजीला सांगायचं नाही, कारण तिला आपल्या कानांचं वाईट वाटेल. तो तिच्या मागं फिरतो ते स्वतःसाठी नाही. हाकेनं काम होत नाही, म्हणून हाताला धरता येईल इतक्या जवळ राहतो. बाबा शेपूट म्हणाले तरी तो सांगत नाही. त्याला तुझ्याकडं यायचं आहे गं. ऋतुराजशी तो फोनवर जंगलाचंच बोलतो. पण तो मला म्हणाला, आठ दिवस मी तिकडं आन् इकडं आजीला कोण सांगनार?

शपथ मोडली म्हणून गणितात नापास झाले तर तू सांभाळून घे. पेपर २१ तारखेला आहे.

तुझी लाडकी,
अपेक्षा


गारखेडा
२१ एप्रिल २०२५

ती. आईस,
मेघाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पाकिटात अपेक्षाचाही कागद होता. तिनं माऊलीची शपथ मोडली आणि आता मी तिचा विश्वास मोडते. तिचा कागद सोबत जोडलाय. आधी तो वाच, मग हे पुढचं.

वाचलास? मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच परत आणला. तीन महिने ते एवढंसं लेकरू तुझी राखण करतंय आणि आपण सगळी मोठी माणसं त्याला भित्रा म्हणतोय. तुझ्या बहिरेपणावर पत्रात विनोद करणारी मी त्यात पहिली. माझीच मला लाज वाटली.

कान तपासायला तू इथं येणार आहेस, यावर वकिली चालणार नाही. आणि आमच्याबरोबर जंगलातही येणार आहेस. जंगलातल्या उघड्या जिप्सीत सहा जण बसतात. आम्ही तिघं, ती दोघं आणि तू. दादा अद्रक सोडून येणार नाही आणि वहिनी त्याला सोडून येणार नाही, म्हणजे हिशेब बरोबर जमतो. जंगल कुठलं ते मात्र आता ना मी ठरवणार, ना ऋतुराजचा तक्ता. माऊलीला विचार. तो म्हणेल तिथं जाऊ, मग ती हरणांची बाग असली तरी चालेल.

लवकर लिही.

तुझीच,
मेघा


पिशोर
२६ एप्रिल २०२५

चि. सौ. मेघास,
आईचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र बांधावर बसून वाचलं आणि तिथंच रडले. शेजारच्या मनकर्णाबाईला वाटलं कुणी गेलं. मी म्हणाले, कुणी गेलं नाही, माझ्याच घरात कोण राहतं ते मला आज कळलं.

बद्रीला दोन्ही कागद दाखवले. वाचून तो उठला, माऊलीला मोटारसायकलवर पुढं बसवून गावात घेऊन गेला आणि रात्री वस्तीवर लावायला पोराला हवी ती बॅटरी घेऊन आला. काय बोलला ते मला सांगितलं नाही, पण शेपूट हा शब्द त्या दिवसापासून घरातून गेला. अपेक्षाशी माऊली एक संध्याकाळ बोलला नाही, दुसऱ्या दिवशी दोघं कैरीवरून भांडत होती, म्हणजे मिटलं. गणिताचा पेपर सोपा गेलाय म्हणते.

मी त्याला जवळ घेऊन माफी मागितली. त्याला ते काही कळलं नाही, तो नुसता अंग चोरत राहिला. मग जंगलाचं विचारलं. मला वाटलं हरणं-मोर म्हणेल. त्यानं तर पटकन ताडोबा सांगितलं. वाघ-बिबटे असतात, भीती वाटणार नाही का, असं विचारलं, तर म्हणाला, वाटंल की, पन तिथं बरं हाये. ऋतुराजनं त्याला सांगितलंय, की जिप्सीत कुणालाच बोलू देत नाहीत. गाइडसुद्धा हातानंच दाखवतो. ओरडणं बंद, हाका मारणं बंद. मग तिथं आजीत आन् बाकीच्यात फरकच नाय, असं म्हणाला. मेघा, तुम्ही चार जंगलं काढलीत, मार्क दिलेत, मी ऊन-घाट मोजले. हे कुणाच्या तक्त्यात होतं का?

तेव्हा चंद्रपूरची तिकिटं काढ. उन्हाचं मी पाहून घेईन, कांदा आणि टोपी दोन्ही आणते. कानही दाखवते, वकिली बंद.

जायची तयारी आमची इथंच सुरू झालीय. कडेला मी बसायचं आणि माझ्या शेजारी तो. हरीण दिसलं तर तो माझा हात एकदा दाबणार, अस्वल दिसलं तर दोनदा, बिबट्या दिसला तर तीनदा. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून माझी परीक्षा घेतो, मी अस्वलात चुकते. काल मी त्याला विचारलं, की आजी आत ये असं सांगायचं असेल तर किती वेळा दाबशील? त्यानं थोडा विचार केला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, त्याला दाबायचं कशाला, धरूनच ठेवीन की.

बाकी भेटीत. सगळ्यांना आशीर्वाद, आणि आपल्यातली माया अशीच राहू दे.

तुझी आई,
गोजरबाई