माकडं हाकलायची काठी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुमचा आवाज आठवणारी मी एकटीच उरले. म्हणून मलाच लिहावं लागतंय. अक्षर वाकडं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं असंच असतं, आणि चौथीतून मला कोणी काढलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आईला मणिकर्णिकेच्या घाटावर पोचवून आलात, तेरावं झालं, आणि तुम्ही म्हणालात, "आता शाळा पुरे. पाठशाळेतल्या मुलांच्या ताटांकडे कोण बघणार?" झालं. एवढंच बोललात. आपल्या ओसरीवर परक्यांची मुलं वेद शिकत होती, ज्योतिष शिकत होती, आणि आत मी त्यांच्यासाठी पोळ्या लाटत होते.

रामघाटच्या त्या गच्चीवर तुम्ही मुलांना सावलीवरून दिशा काढायला शिकवायचात. चुन्याचं वर्तुळ, मधोमध उभी काठी. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं की एक खूण, दुपार कलली की दुसरी. दोन खुणांवर सूत ताणलं की पूर्व-पश्चिम हातात. मी पलीकडच्या कोपऱ्यात उडदाचे पापड राखत बसलेली, माकडं हाकलायची काठी घेऊन. एकदा ती काठी मी विटांच्या फटीत उभी केली आणि सावलीच्या टोकाला कोळशानं खूण केली. तुम्ही येता, काठी उपटता, माझ्या हातात कोंबता. "आणि माकडं कोण हाकलणार, तुझा बाप?" सगळी मुलं हसतात. अण्णा, बाप तुम्हीच होतात.

गेल्या वर्षी सूनबाईनं नातीचं शाळेतलं नाव काढलं. "आई, आम्ही हिला घरीच शिकवणार आहोत," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मलाही घरीच ठेवली होती. बघ, काय शिकले ते." कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती समजावत राहिली, की अशी आणखी घरं आहेत, मुलं एकमेकांकडे जमतात, हातानं करून शिकतात, बाहेर पडतात. पण मला 'घरी' म्हटलं की चूलच दिसते. ते माझ्या डोळ्यांतून जात नाही, त्याला मी काय करू?

परवा ती सगळी पोरं आमच्या गच्चीवर आली. सायकलच्या पंपानं हवा भरून पाण्याची बाटली उडवली, ती शेजारच्या पंडितजींच्या अंगणात पडली, त्यांनी खालून यथेच्छ शिव्या घातल्या. मग काठी रोवली आणि सावली बघत बसली. तीच काठी, तेच वर्तुळ, फक्त चुन्याच्या जागी खडू. पोरी पण बसल्या होत्या, अगदी पुढे. नंतर सूनबाईनं पुठ्ठ्याचे बिल्ले मांडले. आभाळात माणूस पाठवायचा तर कोण कोण लागतं, ते त्यांवर लिहिलेलं. यान चालवणारी, यंत्रं बांधणारी, डॉक्टर, दिशा बघून वाट काढणारी, जेवण तयार करणारी. ज्याला जे व्हायचं त्यानं ते उचलायचं आणि दिवसभर तेच काम करून बघायचं. एवढ्या बिल्ल्यांतून आमच्या नातीनं उचलला जेवणाचा.

मी उठले आणि तिच्या गळ्यातून तो ओढून काढला. "दुसरा घे. स्वयंपाकाला मुली कमी पडत नाहीत."

"नहीं! मला हाच हवा. तुझ्यासारखा!"

"माझ्यासारखं काही नको. मला कोणी विचारलं नव्हतं."

"पण मला तर विचारलं ना, आजी."

सूनबाईनं मान खाली घातली, हसू लपवायला की रडू, देव जाणे. माझ्या मुठीत तो पुठ्ठा, आणि मूठ अगदी तुमची. मी बिल्ला परत दिला. पोरीनं नाक पुसलं आणि वाट काढणारीचा माझ्या गळ्यात अडकवला. "तू ये ले। कोणी घेतलाच नाही." ती खाली गेली यानातल्या जेवणासाठी चुरमुरे तोलायला, आणि मी दुपार कलेपर्यंत त्या काठीपाशी बसले. दुसरी खूण मी केली. काठी कोणी उपटली नाही.

मन हलकं झालं असं लिहिणार नाही. नाही झालं. उलट राग वाढला. एवढंच तर होतं, अण्णा. एक काठी, एक कोळशाची रेघ. त्यात तुमचं काय जात होतं? पोळ्या तर मी तशाही लाटल्या असत्या.

सूनबाई म्हणते, लिहून झालं की गंगेत सोडा. नाही सोडणार. पापडाच्या डब्यात ठेवते. त्या डब्याला तुम्ही जन्मात कधी हात लावला नाहीत. आणि जाता जाता एक सांगते. पापड आता दुकानात मिळतात, उडदाचे तर आमच्यात कोणी खातही नाही. तरी मी दर उन्हाळ्यात घालते. काठी घेऊन वर बसायला मिळतं म्हणून.