कपाळावरची काळी कमान

चिमणे,

लोखंडी कढई गॅलरीत आहे. आईची उशी उलटी करून ठेवली आहे, उचलू नकोस. बाथरूममध्ये पाय जपून टाक. तुझी निळी टोपी मी नेली आहे.

आता खरं सांगतो. तुझ्या पिंजारलेल्या केसांसाठी तू कढईत भिजवलेला आवळा-माक्याचा लेप मी संपवला. आज अकराला माझी मुलाखत आहे आणि समोर बसणार तुझ्या वयाची पोरं. म्हटलं, जरा तरुण दिसू. पण उरलेल्या चार केसांना लावून काय उपयोग? म्हणून केस पूर्वी जिथे होते तिथपर्यंत लावला, लग्नाचा फोटो समोर ठेवून. मग तासभर आडवा झालो. धुतल्यावर केस होते तेवढेच. कपाळावर मात्र काळी कुळकुळीत कमान! साबणानं जाईना, लिंबानं जाईना.

वैद्यकाकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, लेप मुळांना लावायचा असतो, आठवणींना नाही." आठवडाभर तरी जाणार नाही म्हणे.

टोपी काढा म्हणाले तर काढीन. हसले तर हसू देत. पोट धरून हसल्यावर माणसाला नकार देणं जरा जड जातं.

आईनं विचारलं तर सांग, बाबा नेहमीसारखे ऑफिसला गेले.

– बाबा

ता.क. ऑफिस दोन महिन्यांपूर्वीच बंद झालं.